वेबसाइटचा मजकूर: बडोद्यातली गिऱ्हाइकं मला फिरून फिरून विचारतात ते प्रश्न

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर बसून मी गेली बारा वर्षं लोकांच्या वेबसाइटचा मजकूर लिहून देते. गिऱ्हाइकं बहुतेक गावातलीच: डबे देणाऱ्या काकू, साड्यांचं दुकान, दातांचे डॉक्टर, गाण्याचे क्लास. कामं वेगवेगळी, पण प्रश्न तेच. फोनवर तीच उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

बडोदा लिहू, बडोदे लिहू की वडोदरा?

हा प्रश्न पहिला, कारण रोज येतो. १९७४ मध्ये गावाचं सरकारी नाव वडोदरा झालं. बँकेच्या आणि विद्यापीठाच्या नावात मात्र अजून बरोडाच आहे, आणि रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनची खूण बीआरसी अशीच येते. आपल्या घरात बडोदं, पुण्याच्या नातेवाइकांच्या पत्रात बडोदे, शेजारच्या गुजराती कुटुंबात वडोदरा, आणि कॉलेजातली मुलं इंग्रजीत बोलताना बरोडा. जो जसा बोलतो तसाच तो गूगलमध्ये टाइप करतो.

चारांतलं एकच निवडून बाकीची टाकून द्यायची गरज नाही. पत्ता लिहाल तिथे वडोदरा, कारण गूगल मॅपवरच्या नोंदीशी तो तंतोतंत जुळायला हवा. पानाच्या शीर्षकात तुमचं गिऱ्हाईक जे नाव घेतं ते. आतल्या मजकुरात ओघाने जे येईल ते. ही सगळी एकाच गावाची नावं आहेत एवढं गूगलला कळतं, त्यामुळे दर ओळीत चारही नावांची आरती ओवाळू नका. एका दवाखान्याच्या पानाखाली मी 'बडोदा वडोदरा बरोडा बडोदे दंतवैद्य डेंटिस्ट' अशी माळ पाहिली होती, तीही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. कुणाला दिसणार नाही, गूगलला तेवढी दिसेल, असा हिशेब. असा लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांत सरळ स्पॅममध्ये मोडतो.

एसईओ म्हणजे नेमकं काय करायचं?

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आठवा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल मुद्दाम आणवले. त्यांनी बडोदा संस्थानासाठी पुस्तकांचं वर्गीकरण बसवलं, ग्रंथालयं उभी केली, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी कार्डावर नाव आणि विषय नीट नसेल, तर ते कपाटात पडून राहणार.

गूगलचंही काम तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचा प्रोग्राम पानं धुंडाळतो, मग वाचून त्यांची सूची करतो, आणि कुणी काही विचारलं की सूचीतून निवडून क्रमाने पुढे ठेवतो. आपलं पान त्या सूचीत जावं आणि योग्य विषयाखाली जावं, यासाठीची खटपट म्हणजे एसईओ. त्यातला तांत्रिक भाग तुमची साइट बांधणाऱ्या मुलाने करायचा. शब्दांचा भाग माझा, आणि खरं तर तुमचा.

कीवर्ड कुठून शोधायचे? एखादं साधन विकत घ्यावं लागतं का?

नाही. कीवर्ड म्हणजे लोक गूगलमध्ये टाइप करतात ते शब्द. माझी फजिती सांगते, म्हणजे उलगडेल.

काही वर्षांपूर्वी डब्यांच्या एका काकूंसाठी मी पान लिहिलं. शीर्षक 'घरगुती भोजन सेवा'. खाली तीन परिच्छेद: अन्नपूर्णेचा वसा, आईच्या हातची चव, प्रेमाचा घास. काकू खूश, मी खूश. चार महिन्यांत त्या पानावरून एकही फोन आला नाही.

मग मी दोन संध्याकाळी वही घेऊन काकूंच्या ओट्याशी बसले. फोन येत होतेच, पण ते एकाने दुसऱ्याला नंबर दिल्यामुळे. प्रत्येक फोनवर पलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, तेवढंच मी टिपत गेले. 'काकू, टिफिन चालू छे?' 'मासी, जैन मळशे?' 'फतेगंजला हॉस्टेलच्या गेटपर्यंत देता का?' 'फक्त रात्रीचा लावता येईल का?' 'रविवारी संध्याकाळी असतो का?' 'महिन्याचे किती, आणि गावी गेलो तर दिवस कापता का?' दोन दिवसांत बावीस फोन. 'भोजन सेवा' हा शब्द एकाच्याही तोंडात नव्हता. सगळे टिफिन म्हणत होते, मराठी मुलं अधूनमधून डबा म्हणत होती.

पान नव्याने लिहिलं ते त्या वहीवरूनच. शीर्षकात टिफिन आणि डबा दोन्ही, मग फतेगंज, मग जैन मिळेल की नाही, रविवारचं काय, दिवस कापण्याचा नियम. अन्नपूर्णा गेली. काकूंना जरा वाईट वाटलं, पण पंधरा-वीस दिवसांत फोन सुरू झाले.

पदार्थांच्या नावांची गंमत तर वेगळीच. गुजराती घरात पुरणपोळीला वेढमी म्हणतात, अळूवडीला पात्रा. होळीच्या आधी वेढमी शोधणारी बाई तुमच्या पुरणपोळीच्या पानापर्यंत येईलच, असं धरून चालू नका. वाक्यातच सांगा: 'आमची पुरणपोळी हरभऱ्याच्या डाळीची, तुरीच्या डाळीची वेढमी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा.' दोन्ही शब्द आले, शिवाय वाचणारीला कामाची माहितीही मिळाली. पात्र्यावरून मात्र काकूंशी भांडण झालं. पात्रा वेगळा आणि अळूवडी वेगळी, असं त्यांचं ठाम मत. शेवटी ते मतच दोन ओळींत पानावर घातलं, आणि लोक ते आवडीने वाचतात.

हे झाल्यावर मग फुकटची साधनं. गूगलच्या चौकटीत 'टिफिन' लिहून थांबा, खाली सूचना उघडतात त्या वाचा. 'लोक हेही विचारतात' या भागात प्रश्न आयते मिळतात. आणि साइट सुरू असेल तर सर्च कन्सोल, हे गूगलचं साइटवाल्यांसाठीचं साधन. तेही फुकट आहे, आणि कोणते शब्द टाइप करून लोकांना तुमचं पान दिसलं, याचा गेल्या १६ महिन्यांचा हिशेब त्यात मिळतो. महिन्यातून एकदा तरी तो उघडा. एका साडीच्या दुकानाला त्यातूनच कळलं की लोक त्यांच्या पानावर 'नऊवारी शिवून मिळेल का' हे शोधत येतात. ते शिवून देत होते, पण साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एक कीवर्ड पानात किती वेळा यावा?

मोजू नका. मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळेल तिथला शब्द काढा. आणि कुणी 'मेटा कीवर्ड', म्हणजे पानाच्या कोडमध्ये न दिसणारे शब्द, भरण्याचे पैसे मागत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. क्रम लावताना आपण ते बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

मराठीत लिहिलेलं गूगलला नीट कळतं का?

कळतं, पण आपण त्याला बरेच अडथळे घालून ठेवतो.

पहिला अडथळा फॉन्टचा. छापखान्यातून आलेला मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेली खूण. तुमच्या कॉम्प्युटरवर तो झकास मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, आणि गूगल तीच वाचतं. ओळखायचं कसं? साइटवरचं एक वाक्य कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा. तिथे खिचडी झाली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. एका मंडळाच्या पंधरा वर्षांच्या स्मरणिका मी अशा बदलून दिल्या. 'ऱ्य' आणि 'र्य' यांनी त्यात इतका घोळ घातला की डोळ्यांना चष्म्याचा नंबर लागला. बदलून देणारा प्रोग्राम दऱ्यांचे दर्या करतो, आणि पानोपानी हाताने तपासावं लागतं.

दुसरा अडथळा विभक्तीचा, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्या भाषेत शब्द आहे तसा राहत नाही. डबा म्हटलं की डब्याचे, डब्यात, डब्याला. शाळा म्हटलं की शाळेत. माणूस शोधतो 'डबा', आणि पानावर सगळीकडे 'डब्याचे दर', 'डब्यात काय असतं', 'डब्यासाठी फोन करा'. मूळ शब्द एकदाही नाही. गूगल रूपं पुष्कळ ओळखतं, पण इंग्रजीइतकं सफाईने मराठीत जमतं असं मला तरी दिसत नाही. यावर काही लोकांनी भलताच उपाय काढलाय: 'बडोदा मध्ये डबा साठी संपर्क'. हे मराठी नव्हे. वाचणारा तिथेच पान बंद करतो. माझा उपाय साधा आहे. शीर्षकात आणि एखाद्या उपशीर्षकात शब्द मूळ रूपात बसेल अशी रचना करायची, म्हणजे 'घरगुती डबा: दर आणि वेळा'. खाली बिनधास्त डब्यात, डब्याचे, बडोद्यात.

तिसरी गोष्ट, पान कोणत्या भाषेतलं आहे हे गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. मराठी आणि हिंदी एकाच लिपीत असल्याने मेनू हिंदीत, बटणं इंग्रजीत आणि मधला मजकूर मराठीत अशी भेळ करू नका.

मग गुजराती, मराठी, इंग्रजी तिन्ही हवं असेल तर?

तीन वेगळी पानं करा, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. ही एकाच पानाची तीन भाषांतली रूपं आहेत हे सांगणारी 'एचरेफलँग' नावाची खूण असते, ती साइटवाल्याकडून घालून घ्या. तिन्ही भाषांत शब्दाला शब्द सारखं असायला हवं असं काही नाही. काकूंच्या गुजराती पानावर जैन जेवणाची माहिती सगळ्यात वर आहे, मराठी पानावर वरणभाताची. यंत्राने भाषांतर केलंत तर निदान घरातल्या गुजराती सुनेला किंवा शेजारणीला वाचायला द्या. एकीने मला एका पानावरचं 'ताजी भाजी' हे यंत्राने गुजरातीत कसं 'ताजी भजी' केलं होतं ते दाखवलं. तळलेल्या भज्यांच्या ऑर्डरी आल्या होत्या म्हणे.

पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, मराठीत ठेवला तर?

चालतो, गूगलला हरकत नाही. पण तो व्हॉट्सअॅपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्याच्या चिन्हांची रांग होते. देवनागरीतल्या एकेका चिन्हाची तिथे नऊ-नऊ अक्षरं होतात. 'बडोदा' या शब्दात काना-मात्रा धरून पाच चिन्हं. म्हणजे झाली पंचेचाळीस. कार्डावर छापायचं किंवा फोनवर सांगायचं असेल तर रोमन लिपीतला लहानसा पत्ता बरा.

शीर्षक आणि खालचं वर्णन कसं लिहायचं?

गूगलमध्ये निळ्या अक्षरांत दिसतं ते शीर्षक. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा साइटवर ते 'मुख्यपृष्ठ' किंवा 'आपले स्वागत आहे' असं असतं. दुकानाच्या पाटीवर 'दुकान' लिहून ठेवावं, तसं. काकूंचं शीर्षक शेवटी असं झालं: 'फतेगंजमध्ये मराठी टिफिन, घरगुती डबा: महिना किंवा एक वेळ'. महत्त्वाचे शब्द आधी, कारण शेपूट कापली जाते. किती अक्षरं बसतील असं विचाराल तर नेमका आकडा नाही. पडद्यावरच्या रुंदीवर ते ठरतं, आणि मोबाईलवर आणखी वेगळं. म्हणून मी स्वतःच्या फोनवर शोधून बघते.

खालच्या दोन ओळींच्या वर्णनाने क्रम वर जात नाही. पण ते वाचून माणूस आत यायचं की नाही ते ठरवतो, म्हणून त्यात दर, वेळ, भाग असं ठोस काहीतरी द्या. गूगल कधीकधी तुमचं वर्णन बाजूला ठेवून पानातलंच दुसरं वाक्य दाखवतं. त्यावर चिडून उपयोग नाही. बहुधा ते वाक्य त्या प्रश्नाला जास्त जवळचं असतं.

मजकूर किती शब्दांचा हवा? हजाराच्या वर असला तर वर येतो म्हणतात.

शब्दसंख्येचा असा काही नियम नाही, हे गूगलने अनेकदा सांगितलं आहे. दवाखान्याच्या वेळा चाळीस शब्दांत संपतात. रूट कॅनलला घाबरलेल्या माणसाला समजावायचं तर बाराशेही कमी पडतील.

मेनूचा फोटो टाकलाय, तो पुरेसा नाही का?

व्हॉट्सअॅपवर आलेलं रंगीत मेनूकार्ड जसंच्या तसं साइटवर चढवायची आपल्याकडे फार हौस. फोटोतल्या अक्षरांच्या भरवशावर राहू नका. मेनू मजकूर म्हणून टाइप करा, फोटो बाजूला शोभेला असू द्या. आणि फोटोच्या 'ऑल्ट' मजकुरात, म्हणजे फोटोमागे लिहून ठेवायच्या वर्णनात, 'फोटो १' असं नको, 'स्टीलच्या चार पुडांच्या डब्यात पोळ्या, वांग्याची भाजी, आमटी, भात' असं लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन हाच मजकूर वाचून दाखवतो. माझ्या लेखी ते पहिलं कारण आहे, गूगल त्यानंतर.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर गूगल शिक्षा करतं का?

यंत्राने लिहिलं एवढ्याच कारणासाठी नाही. गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये तसं स्पष्ट केलं. मजकूर कामाचा आहे का, हे बघितलं जातं. मात्र क्रम वाढवण्यासाठी शेकड्याने पानं ओतली, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने, तर मार्च २०२४ पासूनच्या नियमांत तो स्पॅम धरला जातो.

माझी अडचण वेगळी आहे. ते यंत्र काकूंच्या ओट्याशी बसलेलं नाही. गावी गेल्यावर दिवस कापतात की नाही, हे त्याला ठाऊक नाही, मग ते अन्नपूर्णेचा वसा लिहितं. माझ्यासारखंच.

पहिल्या नंबरची गॅरंटी देणाऱ्याचा फोन आला होता. घेऊ का?

नको. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे.

पान टाकलं, आता किती दिवसांत दिसेल?

कधी दोन दिवस, कधी काही आठवडे. बदलाचा परिणाम दिसायला महिनेही लागू शकतात. सर्च कन्सोलमध्ये पान तपासून सूचीत घेण्याची विनंती करता येते. ती एकदा करा, रोज करून वेग वाढत नाही. साइटवरच्या दुसऱ्या पानांवरून नव्या पानाला दुवा द्यायला लोक विसरतात, आणि मग ते अनाथ पडून राहतं. दुवा देताना 'इथे क्लिक करा' नको, 'महिन्याच्या डब्याचे दर' असं लिहा, म्हणजे पलीकडे काय आहे ते आधीच कळतं.

वेबसाइट नाही, फक्त गूगल मॅपवर दुकान आहे. चालेल?

खंडेराव मार्केटमध्ये भाजीचा गाळा असेल तर चालेल. व्यवसायाची ती नोंद फुकट असते. वेळा, फोन आणि उत्तरायणाची सुट्टी तेवढी बरोबर ठेवा. आमच्याकडे १४ आणि १५ जानेवारीला गाव गच्चीवर असतं आणि नोंदीत दुकान 'उघडं' दिसत असतं. मग बाहेरगावाहून आलेलं गिऱ्हाईक बंद शटरसमोर उभं राहून एक तारा देऊन जातं.

आता गूगल वरच एआयचं उत्तर देतं. मग आपलं पान कोण उघडणार?

२०२४ पासून आपल्याकडेही ते सुरू झालं, आणि ज्यांना नुसती व्याख्या हवी ते आता खाली येत नाहीत, हे मला गिऱ्हाइकांच्या आकड्यांत दिसतं. 'श्रीखंड कसं करतात' हे पान पडलं. 'कारेलीबागेत पाच किलो श्रीखंड उद्या सकाळी मिळेल का' हे पान पडलं नाही. नवीन लिहायचंच असेल तर मी दुसऱ्या प्रकारचं लिहायला सांगते.

अशा प्रश्नोत्तरांचं पान केलं की गूगलच्या यादीतच आपल्या दुव्याखाली ते प्रश्न दिसतात आणि उघडझाप होतात ना?

पूर्वी व्हायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय मोजक्या सरकारी आणि आरोग्याच्या साइटपुरती ठेवायचं ठरवलं. तुम्ही हे पान वाचताय ते त्या उघडझापीमुळे नाही. माझे फोन कमी व्हावेत म्हणून ते केलंय.

दिवाळीच्या फराळाचं पान दर वर्षी नवीन करायचं का?

नाही. एकच पान ठेवायचं, त्याच पत्त्यावर, आणि पत्त्यात वर्षाचा आकडा घालायचा नाही. ज्यांनी मागे त्याला दुवा दिला, ज्यांनी तो नातेवाइकांना पाठवला, त्या सगळ्यांचं पुण्य त्याच पानाच्या खात्यावर राहतं. गणपती उठले की पान उघडायचं, दर बदलायचे, चकलीचे नवे फोटो घालायचे, कुरिअर कुठवर जातं ते तपासायचं. आणि गेल्या वर्षीची 'या दिवाळीच्या ऑर्डर आता बंद झाल्या आहेत' ही लाल ओळ काढायची. काकूंच्या पानावर एकदा ती वसुबारसेपर्यंत तशीच होती. काढायचं काम माझ्याकडे होतं.